टाइप १ मधुमेह असलेल्या मुलाला निवासी शिबिराला पाठवताना

शिबिराच्या अर्जात 'मुलाला काही आजार आहे का?' या प्रश्नापुढे जेमतेम एक ओळ सोडलेली असते. आमच्या मुलीचा अर्ज पहिल्यांदा हातात आला तेव्हा त्या ओळीत काय लिहायचं या विचारात मी दोन दिवस घालवले. ती तेव्हा दहा वर्षांची होती. टाइप १ चं निदान होऊन तीन वर्षं झाली होती (या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते रोज टोचून घ्यावं लागतं) आणि दिवसाला चार इंजेक्शनं चालू होती. दापोलीजवळ समुद्रकाठी पाच रात्रींचं शिबिर होतं, वर्गातल्या दोन मैत्रिणी निघाल्या होत्या आणि हिलाही जायचंच होतं. ती गेली, आणि पुढच्या मे महिन्यात पुन्हा गेली. या दोन खेपांत काय जमलं आणि कुठे फसलो ते क्रमाने लिहिते.

इन्सुलिन, सुया, साखर तपासायच्या स्ट्रिप्स पैसे मोजले की मिळतात. रात्री दोन वाजता गजर लावून उठणारा आणि मुलाचं बोट टोचणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तो नक्की झाल्याशिवाय शिबिराचे पैसे भरू नका. खाली जिथे डोसचे किंवा रक्तातल्या साखरेचे (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) आकडे आहेत ते आमच्या मुलीचे आहेत. तुमच्या मुलाचे आकडे तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.

१. अर्ज भरण्याआधी फोन करा

आयोजकांशी प्रत्यक्ष बोला, मेसेजवर भागवू नका. मी विचारलेले प्रश्न असे:

- मुलांबरोबर खोलीत किंवा तंबूत रात्री कोणी मोठं माणूस झोपतं का?
- जवळचा दवाखाना किती मिनिटांवर आहे, आणि रात्री गाडी व चालक जागेवर असतात का?
- फ्रीज आहे का? वीज गेली तर जनरेटर आहे का?
- मोबाइलला रेंज कुठे मिळते?
- जेवणाच्या वेळा खरोखर पाळल्या जातात का?

पहिल्या शिबिराने 'आमच्याकडे डॉक्टर ऑन कॉल आहेत' एवढंच उत्तर चारदा दिलं. तिथे मी पाठवलं नाही. दुसऱ्या ठिकाणच्या ताईंनी 'आम्हाला यातलं काही माहीत नाही, पण शिकवाल तर शिकू' असं सांगितलं. आम्ही तेच शिबिर निवडलं.

आजार लपवू नका. मुलगी असेल तर घरातलंच कोणीतरी म्हणतं, 'कशाला सगळीकडे सांगायचं, उद्या लग्नाचं बघायचंय.' आमच्याकडेही म्हणून झालं. पण समुद्रावर पोर लटपटायला लागली आणि शेजारच्या माणसाला कारणच ठाऊक नसेल, तर तो तिला सावलीत निजवेल आणि पाणी पाजेल. साखर द्यायचं त्याला सुचणार नाही.

निदान होऊन सहा महिनेही झाले नसतील, किंवा नुकताच कीटोअ‍ॅसिडोसिससाठी (इन्सुलिन कमी पडून रक्तात कीटोन नावाची आम्लं साठणं) मुलाला दवाखान्यात ठेवावं लागलं असेल, तर यंदा थांबा. पहिली खेप दोन-तीन रात्रींची पुरे. त्याआधी एक-दोन रात्री मामाकडे किंवा आत्याकडे आई-बाबांशिवाय राहून पाहू द्या. आमची रंगीत तालीम कराडला मावशीकडे झाली.

फक्त टाइप १ असलेल्या मुलांसाठी शिबिरं भरवण्याची पद्धत जुनी आहे. अमेरिकेत मिशिगनमध्ये असं पहिलं शिबिर १९२५ साली झालं, इन्सुलिन हाती येऊन तीनच वर्षं झाली होती तेव्हा. आपल्याकडे नागपूरची ड्रीम ट्रस्ट आणि छत्रपती संभाजीनगरची उडान या संस्था टाइप १ असलेल्या मुलांसाठी काम करतात. त्यांच्याकडे किंवा तुमच्या डॉक्टरांकडे अशा शिबिराची चौकशी करून बघा. आपल्यासारखीच वीस मुलं एका रांगेत बसून बोट टोचताना बघणं मुलासाठी फार मोठी गोष्ट असते.

२. डॉक्टरांकडे तीन आठवडे आधी जा

आदल्या दिवशी जाऊन उपयोग नाही, कारण काही औषधं मागवावी लागतात. डॉक्टरांकडून या गोष्टी लिहूनच घ्या: शिबिरातल्या दिवसांत बेसल (दिवसभर हळूहळू काम करणारं) इन्सुलिन किती कमी करायचं, खेळाआधी साखर किती हवी, झोपताना किती असली तर खायला द्यायचं, आणि हाय (साखर फार वाढलेली) असताना इन्सुलिनची जादा युनिट द्यायची की नाही. दिवसभर उड्या मारणाऱ्या मुलाला घरचाच डोस दिला तर लो होण्याची, म्हणजे साखर फार उतरण्याची, शक्यता बरीच वाढते. आमच्या डॉक्टरांनी रात्रीचं बेसल सुमारे २० टक्क्यांनी कमी केलं होतं.

ग्लुकॅगॉनबद्दल आवर्जून विचारा. साखर उतरून मूल बेशुद्ध पडलं तर द्यायचं हे इंजेक्शन. ते सगळ्या दुकानांत नसतं, महाग असतं आणि त्याची मुदत संपते. डोस वजनावर ठरतो. साधारण २५ किलोच्या आत अर्धा मिलिग्रॅम आणि त्यावर एक मिलिग्रॅम देतात, पण तुमच्या मुलाचा आकडा डॉक्टरांकडून डबीवर मार्करने लिहूनच घ्या.

३. एक माणूस पक्का करा आणि त्याला हाताने करायला लावा

'आम्ही सगळे लक्ष ठेवू' या वाक्यावर विसंबू नका. नाव एकाच माणसाचं हवं, आणि तो सुट्टीवर किंवा आजारी असला तर दुसऱ्याचं.

आम्ही शिबिराच्या चार दिवस आधी दापोलीला जाऊन आलो. ताईंसमोर मीटर, स्ट्रिप्स, इन्सुलिनचं पेन, सुया मांडल्या. आधी त्यांनी स्वतःचं बोट टोचलं, मग मुलीचं. पेनला नवी सुई लावून दोन युनिट हवेत सोडायची आणि टोकाशी थेंब आला की मगच डोस फिरवायचा, हे त्यांनी पाच वेळा केलं. इंजेक्शन एका मोसंब्याला दिलं. बटण दाबल्यावर दहा आकडे मोजून मगच सुई बाहेर काढायची हे माझ्या मुलीने त्यांना शिकवलं. त्यांचे हात आधी थरथरत होते, तिसऱ्या खेपेला थांबले. ते पाहिलं आणि माझी धाकधूक निम्मी झाली.

दहा-बारा वर्षांचं मूल स्वतः टोचून घेतं म्हणून त्याच्यावर सगळं सोडू नका. साखर उतरली की नेमका विचार करायची ताकदच जाते. शिवाय मित्रांच्या घोळक्यात मूल डोस विसरतं किंवा लाजून टाळतं. इंजेक्शन ते घेईल, पण आकडा दुसऱ्या कोणीतरी पाहायचाच.

४. कागदपत्रं

- डॉक्टरांचं सही-शिक्क्याचं पत्र: आजार, औषधं, डोस, सुया जवळ बाळगण्याची गरज
- एका पानाचा मराठी तक्ता: लो झालं तर, हाय झालं तर, उलटी झाली तर (दोन प्रती, एक जेवणघरात लावायला)
- आपत्कालीन उपचारांना पालकांची लेखी संमती
- आधार आणि आरोग्य विम्याच्या प्रती
- आपले, डॉक्टरांचे आणि जवळच्या दवाखान्याचे फोन क्रमांक, सोबत १०८
- नोंदवही: वेळ, साखर, काय खाल्लं, किती युनिट

शिबिर शाळेकडून असेल आणि मुख्याध्यापक काचकूच करत असतील, तर २०२३ मध्ये राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगाने राज्यांना पाठवलेल्या पत्राचा दाखला द्या. टाइप १ असलेल्या मुलांना शाळेत साखर तपासायला, इन्सुलिन घ्यायला आणि मधल्या वेळी खायला मुभा द्यावी असं त्यात म्हटलं आहे.

५. सामान: लागेल त्याच्या दुप्पट, दोन पिशव्यांत

एक पिशवी मुलाजवळ, दुसरी ताई-दादांजवळ. एक हरवली, भिजली किंवा बसमध्ये राहिली तरी दुसरी असते.

- दोन्ही प्रकारची इन्सुलिन (बेसल, आणि जेवणाच्या वेळचं, लवकर काम करणारं रॅपिड), एकेक पेन जादा
- दोन मीटर, दोघांच्या बॅटऱ्या, स्ट्रिप्स (दिवसाला किमान आठ धरा)
- सुया, लॅन्सेट (बोट टोचायच्या सुया), आणि वापरलेल्या सुया टाकायला झाकणाची जाड प्लास्टिकची बरणी
- ग्लुकोज पावडर, तीन-तीन चमच्यांच्या वेगळ्या पुड्या करून
- लघवीतले कीटोन तपासायच्या पट्ट्या
- ग्लुकॅगॉन
- सेन्सर (अंगावर चिकटवून सतत साखर दाखवणारा) लावत असाल तर एक जादा सेन्सर आणि वरून लावायची चिकटपट्टी

सिरिंजचा घोळ. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलिलीटरला ४० युनिटचं असतं, आणि पेनच्या काडतुसातलं १०० युनिटचं. सिरिंजही त्यानुसार वेगळ्या असतात: ४० ची लाल टोपणाची, १०० ची नारिंगी टोपणाची. पेन बिघडलं म्हणून कोणी लाल टोपणाच्या सिरिंजने काडतुसातलं इन्सुलिन ओढलं, तर तेवढ्याच रेघेवर अडीच पट डोस जातो. म्हणून आम्ही सिरिंज पाठवतच नाही, जादा पेन पाठवतो. तुमचं मूल कुपी वापरत असेल तर तिच्याच जोडीच्या सिरिंज पाठवा आणि दोन्ही एकाच पिशवीत बांधा.

इन्सुलिन गार ठेवणं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत, म्हणजे फ्रीजमध्ये. वापरात असलेलं पेन ३० अंशांच्या आत साधारण चार आठवडे चालतं, नेमकी मुदत वेष्टनावर असते. कोकणात मे महिन्यात ३० अंशांचा भरवसा नाही. साताऱ्यात आम्ही मातीच्या मडक्यात ठेवतो, ते छान गार राहतं. पण दमट हवेत पाणी उडत नाही, त्यामुळे समुद्रकाठी तेच मडकं जेमतेम गार होतं. तिथे फ्रीजच हवा. तोसुद्धा मासळी आणि दुधाचा, दिवसभर उघडझाप होणारा नको. जमलं तर व्यवस्थापकांच्या घरचा बघा. डबी दारातल्या कप्प्यात ठेवायला सांगा. पहिल्या वर्षी कोणीतरी 'गार हवं ना' म्हणून आमची डबी बर्फाच्या खणाला टेकवून ठेवली होती आणि एक पेन गोठलं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नसतं. जादा पेन होतं म्हणून निभावलं.

६. प्रवासाचा दिवस

महाबळेश्वरला नाश्ता झाला, मी नेहमीप्रमाणे रॅपिड दिलं, आणि अर्ध्या तासात आंबेनळी घाटात लेकीने सगळा नाश्ता बाहेर काढला. पोटात काही नाही, अंगात पाच युनिट. पोलादपूरच्या अलीकडे साखर ६८ आली. ग्लुकोजचं पाणी एकदम पाजलं तर तेही उलटून पडणार, म्हणून दर दोन-तीन मिनिटांनी एकेक चमचा देत राहिलो आणि दर पंधरा मिनिटांनी बोट टोचलं. वर यायला पाऊण तास लागला. अशा वेळी काहीच पोटात टिकत नसेल तर थांबून राहू नका, सरळ दवाखाना गाठा.

ज्या मुलांना गाडी लागते त्यांच्या प्रवासाच्या दिवशीचं रॅपिड जेवणानंतर द्यायचं का, अर्धं द्यायचं का, हे डॉक्टरांना आधीच विचारा. उलटीची गोळीही विचारून घ्या. घाटाच्या तोंडाशी भरपेट खाणं आणि पूर्ण डोस ही जोडी टाळा. पेन आणि ग्लुकोज हातातल्या पिशवीत असू द्या, डिकीत उन्हाने इन्सुलिनची वाट लागते.

७. जेवणघर

सगळ्यात जास्त गैरसमज इथे. घरोघरी आजी-आजोबांना 'शुगर' असते, त्यामुळे वाढणाऱ्या मावशींनाही वाटतं की हे तेच. दुसऱ्याच दिवशी मुलीने डोस घेतला, ताट घेतलं आणि मावशींनी मायेने तिचा भात काढून घेतला, 'बाळा, तुला भात चालत नाही ना!' इन्सुलिन घेतल्यावर ठरलेला भात पोटात गेलाच पाहिजे, नाहीतर तासाभरात लो. जेवणघरातल्या तक्त्यावर पुढच्या वर्षी मी सगळ्यात वर लिहिलं: 'ही सगळं खाते. कमी करू नका, मोजून वाढा.'

मोजमाप सोपं ठेवा. मध्यम फुलका साधारण १५ ग्रॅम कार्ब (कर्बोदकं), वाटीभर शिजलेला भात साधारण ३०. कोकणातली मोठी तांदळाची भाकरी दोन-तीन फुलक्यांच्या बरोबरीची. घरातली मोजायची वाटीच सोबत द्या, शिबिरातल्या वाट्या दीडपट मोठ्या निघतात. आठवड्याचा जेवणाचा बेत आधी मागवून प्रत्येक पदार्थापुढे आकडे लिहून दिले की ताईंना बेरीज तेवढी करावी लागते.

दोन गोष्टी खास कोकणातल्या. सोलकढी आणि कोकम सरबत दिसायला एकाच घरातली, पण सोलकढीत साखर जवळपास नसते आणि सरबत म्हणजे पेलाभर साखरेचं पाणी. दुसरी गोष्ट आंब्याची. एका दुपारी ताईंचा घाबरून फोन आला, मीटरवर ३८०. मी विचारलं, 'हात धुतले होते का?' पाच मिनिटांपूर्वीच पोरांनी आंबे चोखले होते. साबणाने हात धुऊन पुन्हा टोचलं तर १४२. ३८० वर विश्वास ठेवून जादा इन्सुलिन दिलं असतं तर काय झालं असतं, या विचाराने आजही पोटात गोळा येतो. आंबा, करवंदं, फणस, काहीही हाताळल्यावर आधी हात धुवायचे. सॅनिटायझरने साखर निघत नाही.

८. खेळ, समुद्र, चढण

खेळाआधी तपासायचं, दीड-दोन तासांचा खेळ असेल तर मध्येही. आमचा आकडा होता १२०. त्याखाली असेल तर आधी केळं किंवा बिस्किटं, मगच पाण्यात उतरायचं. समुद्रात एकटीने जायचं नाही, आणि काठावरच्या दादाच्या खिशात ग्लुकोजच्या पुड्या असल्याच पाहिजेत. खोलीतल्या बॅगेत राहिलेलं ग्लुकोज वेळेला हाती लागत नाही. ज्या मांडीत किंवा दंडात नुकतंच इन्सुलिन दिलं तो अवयव लगेच जोरात वापरला तर औषध लवकर चढतं, उन्हातही तसंच होतं. धावायच्या दिवशी आम्ही पोटावर देतो.

सेन्सर असेल तर खारं पाणी आणि घाम त्याची चिकटपट्टी सोडवतात. शिवाय सेन्सरचा आकडा रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. मूल 'लो वाटतंय' म्हणत असेल आणि सेन्सर ९५ दाखवत असेल, तर बोट टोचून बघा.

९. लो आणि हाय: तक्त्यावर काय लिहावं

७० च्या खाली, मूल शुद्धीवर. आहे तिथेच बसवा. तीन चहाचे चमचे ग्लुकोज पाण्यातून द्या, म्हणजे साधारण १५ ग्रॅम. लहान मुलांना १० ग्रॅमही पुरतात. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खाली असेल तर पुन्हा तेवढंच. वर आल्यावर जेवणाला वेळ असेल तर बिस्किटं किंवा पोळी. चॉकलेट आणि लाडू नकोत, त्यातल्या तुपा-तेलाने साखर रक्तात उशिरा पोचते. आणि लो झालेल्या मुलाला 'ऑफिसमध्ये जाऊन घे' म्हणून एकटं कधीही पाठवू नका.

बेशुद्ध किंवा आकडी. तोंडात काहीही घालायचं नाही, पाणीसुद्धा नाही. कुशीवर वळवा, ग्लुकॅगॉन द्या, १०८ ला फोन करा किंवा आपल्या गाडीने निघा.

२५० च्या वर, आणि मळमळ, पोटदुखी किंवा उलटी. लघवीतले कीटोन तपासा. डॉक्टरांना फोन करा, पाणी पाजत राहा, खेळ बंद. कीटोनची पट्टी गडद आली, श्वास जोरजोरात चालू झाला किंवा उलट्या थांबत नसतील तर लगेच दवाखाना. शिबिरात पोट बिघडणं नेहमीचंच असल्याने 'झोपू द्या, सकाळी बरं वाटेल' असं होण्याची भीती फार असते. आणखी एक ठळक अक्षरांत लिहा: 'जेवली नाही तरी बेसल इन्सुलिन बंद करायचं नाही.'

मुलीची लक्षणंही तिच्याच शब्दांत लिहिली होती. लो झाली की ती 'पाय कापसाचे झाले' म्हणते आणि उगाच चिडते. या एका ओळीमुळे ताईंनी दोनदा वेळेत ओळखलं.

१०. रात्र

दिवसभराच्या दमणुकीचा परिणाम रात्री दिसतो. स्नायू खर्च झालेली साखर परत भरून घेत असतात, त्यामुळे झोपेत साखर उतरत जाते, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत. झोपलेलं मूल 'लो होतंय' म्हणणार नाही. म्हणून आमचा नियम: रात्री दहाला एकदा, दोनला एकदा. दहाला १२० च्या खाली असेल तर दूध आणि पोळी. दोनला ७० च्या खाली असेल तर पूर्ण उठवून, बसवून ग्लुकोज, अर्धवट झोपेत पाजायचं नाही.

मुलीची गादी दाराजवळ मागून घ्या, म्हणजे बॅटरी लावून येणाऱ्या माणसाला बाकीच्या पोरांना ओलांडावं लागत नाही. उशाशी पुडी, पाण्याची बाटली आणि चमचा. तिसऱ्या रात्री दोन वाजता ताईंचा मेसेज आला: '६१. ग्लुकोज दिलं.' वीस मिनिटांनी दुसरा: '१०४. पोळी खाल्ली, झोपली.' मी साताऱ्यात ओट्याशी उभी राहून ते वाचलं आणि पुन्हा झोपायला गेले.

११. फोन

आकड्यांसाठी ताईंशी दिवसातून दोनदा मेसेज, आणि लो किंवा हाय झालं तर लगेच फोन, असं ठरवा. मुलाशी बोलताना मात्र पहिला प्रश्न साखरेचा विचारू नका. मी पहिल्या दिवशी तेच केलं, तर ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी विचारलं, 'आज काय केलंत?' आणि ती समुद्रातल्या कालवांबद्दल दहा मिनिटं बोलत राहिली.

१२. परत आल्यावर

पहिले दोन-तीन दिवस रात्रीची तपासणी चालूच ठेवा, दमणूक उतरायला वेळ लागतो. त्यानंतर कमी केलेलं बेसल डॉक्टरांना विचारून हळूहळू पूर्ववत करा, नाहीतर घरी बसून साखर चढत जाते. उन्हात राहिलेली, एरवी पारदर्शक असून गढूळ झालेली किंवा गुठळ्या दिसणारी इन्सुलिन टाकून द्या. उरलेल्या उघड्या पेनवर उघडल्याची तारीख बघा. वापरलेल्या सुयांची बरणी दवाखान्यात नेऊन द्या, शिबिराच्या कचऱ्यात राहू देऊ नका. आणि नोंदवहीची छायाप्रत काढून डॉक्टरांना दाखवा. आमच्या दुसऱ्या वर्षीचे सगळे डोस त्या पहिल्या वहीवरून ठरले. मसाल्याचे डाग पडलेली, ताईंच्या अक्षरातली ती वही मी अजून औषधांच्या खणात ठेवली आहे.